पटावरील दाणे आणि सात मूळ अवयव

प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करीत गेल्यास चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. एकक स्थानी ५ असल्याने तिला ५ने भाग जातो, हे माझ्या नातीने ओळखले. तिचे सर्व मूळ अवयव संगणकावाचून काढता येतील का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : येतील, आणि नातीला सोबत घेऊन आपण ते अवश्य काढावेत, मात्र एकदम भागाकाराला हात घालू नये. ही संख्या म्हणजे २चा ६४वा घात वजा १. त्यातील पहिले पद २च्या ३२व्या घाताचा वर्ग असल्याने दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र लावताच २चा ३२वा घात अधिक १ आणि २चा ३२वा घात वजा १ असे दोन कंस मिळतात. दुसऱ्या कंसाला तेच सूत्र पुन्हा पुन्हा लावत गेले की ६५,५३७, २५७, १७, ५ आणि ३ हे अवयव सुटे होतात, आणि ते पाचही मूळ आहेत.

खरी गंमत पहिल्या कंसात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ या संख्येत आहे. फर्मा या थोर गणितज्ञाला ती मूळ वाटत होती. १७३२ साली ऑयलरने तिला ६४१ने भाग जातो हे दाखवून दिले. त्याचा पडताळा भागाकार न करताही घेता येतो. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५चा चौथा घात अधिक २चा चौथा घात. या बेरजेला २च्या २८व्या घाताने गुणल्यास ६४०चा चौथा घात अधिक २चा ३२वा घात असे रूप येते, कारण ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. आणि त्याला ६४१ने भाग जाणारच. दुसरीकडे, ६४०चा चौथा घात वजा १ यालाही ६४१ने भाग जातो, कारण ६४० अधिक १ हा त्याचा एक अवयव आहे. पहिल्यातून दुसरे वजा केले की नेमका आपला कंस उरतो! भागाकार येतो ६७,००,४१७, आणि तोही मूळ आहे.

अशा रीतीने सात मूळ अवयव मिळतात. त्यांतील एकही दोनदा येत नसल्याने या संख्येचे एकूण विभाजक २चा सातवा घात, म्हणजे १२८ होतात. अंकांची बेरीज ८७ आहे, म्हणून ३ने भाग जातो पण ९ने जात नाही, एवढे नातीला तोंडी पाहता येईल. (वीस अंकांत ही संख्या मावते ती शून्यासह स्थानमूल्याच्या पद्धतीमुळे, आणि त्या पद्धतीने कोरलेली २७० ही संख्या आपल्याच किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात, इ. स. ८७६च्या शिलालेखात आहे. नातीला ती जरूर दाखवावी.)

पहिल्या पाच अवयवांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ होतो. १७९६ साली गाउसने पट्टी-कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे सिद्ध केले. त्याच विचाराने, विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज असे काढता येतात हे आज ज्ञात आहे, त्यांत सर्वांत अधिक बाजू असलेल्या बहुभुजाच्या बाजू बरोबर इतक्याच आहेत.