चाळिशीत जेएआयआयबी देताय?

बँक कर्मचाऱ्यांची ही परीक्षा द्या की बिनधास्त. फक्त चारही पेपरांचा फॉर्म एकदमच भरा. पास व्हायला प्रत्येक पेपरात शंभरात 50 लागतात हे खरं, पण एकाच खेपेत चारही देऊन एकूण 50 टक्के झाले, तर एखाद्या पेपरात 45 वरही भागतं. बँकिंगचा पेपर काउंटरवरच पाठ झालेला असतो; केवायसी, चेक, नॉमिनी आपलं रोजचंच. दमवतो तो अकाउंटिंगचा. सीबीएसनं, म्हणजे बँकेच्या कॉम्प्युटर सिस्टिमनं, डेबिट-क्रेडिट हातानं लिहायची सवयच मोडलीय ना! शाखेत निघण्याआधीचा तास त्यालाच द्या, कागदावर गणितं सोडवत. नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही. मार्च एंडला पुस्तक उघडायच्या भानगडीत पडू नका. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.