सोबती गेला, त्याचे हरीण अजून रानात आहे

उत्तर विस्कॉन्सिनमधून एका वाचकाचे लांबलचक पत्र आले आहे. त्यांचा शेजारी, वयाने त्यांच्याहून बराच मोठा आणि जन्मभर दुधाचा धंदा केलेला शेतकरी, गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस वारला. त्यानेच त्यांना वारा ओळखायला, पाऊल न वाजवता रानात शिरायला आणि मचाणावर तासन्‌तास गप्प बसायला शिकवले होते. दर नोव्हेंबरात दोघे बरोबर शिकारीला जात. शेवटची काही वर्षे तो एकाच नराच्या मागावर होता. त्या हरणाच्या डाव्या शिंगातून एक टोक सरळ खाली जमिनीकडे वाढलेले असे, त्यामुळे रानात झाडाला बांधलेल्या ट्रेल कॅमेऱ्याच्या करड्या, अंधुक छायाचित्रातही ते चटकन ओळखू येई. ते हरीण त्याच्या हाती कधीच लागले नाही. पत्रलेखकांचे प्रश्न तीन आहेत. ही अपुरी राहिलेली शिकार पूर्ण करणे हे आपले कर्तव्य ठरते का? त्याच्या पत्नीने देऊ केलेली रायफल घ्यावी का? आणि घरात या दुःखाविषयी बोलायचे कसे? कारण पत्नी म्हणते, “शेजारीच तर होते ते,” आणि भारतातून मुक्कामाला आलेल्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आई शिकारीचा विषय निघताच उठून जातात.

शेवटचा प्रश्न आधी घ्यावा, कारण तो सुटल्याशिवाय बाकीच्यांचा शांतपणे विचार होणार नाही. आपल्याकडे सुतक नात्यावरून ठरते आणि मित्राला त्यात जागा नसते. अमेरिकेतल्या बहुतेक नोकऱ्यांतही शोकासाठी मिळणारी रजा जवळच्या नातेवाइकांपुरतीच असते. आपण त्याच्या शवपेटीला खांदा दिलात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालात. कोणी भेटायला आले नाही, कोणी “कसे गेले?” असे विचारले नाही, आणि ज्या माणसाशी या मृत्यूविषयी बोलता आले असते तो स्वतःच गेलेला. अशा वेळी दुःख आतल्या आत साचत जाते आणि मग हरीण, रायफल, येणारा हंगाम यांभोवती घोटाळू लागते. आपल्या पत्राचा मोठा भाग त्या हरणाविषयी आहे. त्या माणसाविषयीच्या ओळी मात्र मोजक्याच आहेत. आपल्या पत्नीच्याही कानांवर बहुधा हरणाच्याच गोष्टी पडत आल्या असाव्यात. त्यांना त्या माणसाविषयी सांगावे: आपण या देशात नवखे असताना बर्फात रुतलेली गाडी त्याने ट्रॅक्टरने कशी ओढून काढली, दोन्ही घरांमधला रस्ता तो न सांगता कसा मोकळा करून ठेवी, आपल्या मुलीला गाईची धार काढायला त्याने कसे शिकवले. हे सगळे आपल्या पत्रात कुठे ना कुठे आले आहे, पण कंसात आणि जाता जाता.

आईंच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: शिकारीचे समर्थन करू नये. १९३७ च्या केंद्रीय कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो आणि त्यातून कुरणे, पाणथळ जागा, हरणांची संख्या यांची देखभाल होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु आईंचा आक्षेप हिशोबाचा नाही, श्रद्धेचा आहे, आणि हिशोबाच्या उत्तराने तो फक्त दुखावेल. त्या मुक्कामाला असेपर्यंत मांस घरात आणू नये, रायफल आणि शिंगे त्यांच्या नजरेस पडतील अशी ठेवू नयेत. त्यांच्याकडून शिकारीला होकार मिळवण्याची गरज नाही. मात्र गेलेल्या माणसाविषयी बोलायला आपल्या आयांना शिकवावे लागत नाही. “आई, माझा एक माणूस गेला आहे,” एवढे सरळ सांगितले, तर त्या त्याच्या बायकोची चौकशी करतील, बरोबर काहीतरी करून घेऊन जायचे म्हणतील. त्यांना तिच्याकडे अवश्य न्यावे. भाषा येत नसल्याने अडेल असे मला वाटत नाही.

आता हरणाविषयी. मोठ्या शिंगांच्या नराचा माग म्हणजे काय, हे शिकार न करणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नराची शिंगे दर हिवाळ्यात गळतात, वसंतात पुन्हा फुटतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी झाडांवर घासून ती कातडी उतरते. म्हणजे दरवर्षी ते शिंग नवेच असते, तरी त्याची ठेवण पुष्कळदा तीच राहते, आणि त्यावरून जाणकार माणूस एकाच नराला वर्षानुवर्षे ओळखू शकतो. साधारण पाचव्या ते सातव्या वर्षी शिंगे सर्वांत भरदार होतात, पण तेवढे वय गाठणारे नर थोडे. जे गाठतात ते बरेचसे रात्रीच बाहेर पडतात. नोव्हेंबरातल्या माजाच्या दिवसांत मात्र मादीच्या मागे लागून ते भरदिवसाही उघड्यावर येतात. विस्कॉन्सिनमधला बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. एवढ्या काळात ते एक विशिष्ट हरीण, उजेड असताना, आपल्या बंदुकीच्या टप्प्यात आणि आपल्याच बाजूने वारा नसताना येणे, यासाठी माणसाला वर्षभर रान वाचत राहावे लागते. आपला सोबती मार्चमध्ये गळलेली शिंगे शोधत फिरे, उन्हाळ्यात कॅमेऱ्यांची जागा बदले, ऑक्टोबरात खोडांवरच्या घासल्याच्या खुणा पाही. त्याचे वर्ष त्या हरणाने भरलेले होते.

आपल्या पत्रात दोनच ओळींत आलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. दोन हंगामांपूर्वी, संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात ते हरीण त्याच्यासमोर येऊन आडवे उभे राहिले. अंतर बेताचे होते, रायफल खांद्याला लागलेली होती. परंतु त्याच्या बरोबर मागे, झुडपांत एक मादी उभी होती, आणि गोळी आरपार गेली तर तिलाही लागेल म्हणून त्याने बोट घोड्यावरून काढून घेतले. रात्री जेवताना त्याने हे आपल्याला सांगितले ते हळहळत नव्हे, तर त्या शिंगांवर पडलेल्या उजेडाचे वर्णन करत. ज्याने इतक्या वर्षांच्या मागानंतर, हाताशी आलेले हरीण एवढ्याशा शंकेवरून जाऊ दिले, त्याची शिकार “अपुरी” राहिली असे म्हणणे मला पटत नाही. त्याने ते हरीण मारले नाही, इतकेच खरे.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. तो नर मारण्याचे कर्तव्य आपल्यावर नाही, आणि तसा संकल्पही करू नये. एक तर ते हरीण आजही जिवंत आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. कडक हिवाळा, रस्त्यावरची धडक, दुसऱ्या कोणाची गोळी, यांपैकी काहीही घडलेले असू शकते. जिवंत असलेच तर वय वाढल्यावर शिंगांचा भर उतरतो, ठेवण बदलते, आणि मग ते समोर येऊनही ओळखू येणार नाही. अशा प्राण्यावर मित्राची आठवण टांगून ठेवली, तर रिकाम्या हाताने संपणारा प्रत्येक हंगाम आपण त्याला कमी पडल्यासारखा वाटू लागेल. याहून मोठी भीती मला वेगळीच आहे. संकल्पाच्या दडपणाखाली बसलेला माणूस घाई करतो, मावळत्या उजेडात गोळी घालतो, आणि मागे काय आहे ते पाहत नाही. सोबत्याने जे शिकवले त्याच्या नेमके उलटे त्याच्याच नावाने होईल.

रानात मात्र अवश्य जावे. या वर्षी घरी बसलात तर पुढच्या वर्षी पाऊल उचलणे आणखी जड जाईल. आपल्या नेहमीच्या मचाणावर बसावे, त्याच्या मचाणावर नव्हे; ते त्याच्या घरच्यांच्या मनात काय आहे हे कळेपर्यंत रिकामेच राहू द्यावे. तेच हरीण खरोखर पुढ्यात आले, तर मारणे आणि जाऊ देणे दोन्ही आपल्याला मोकळे आहे, आणि तो निर्णय त्या क्षणी उजेड, अंतर आणि पाठीमागचे रान पाहूनच व्हावा.

आठवण जपण्यासाठी करण्यासारखे काम दुसरेच आहे, आणि ते हंगामाची वाट न पाहता आताच करावे. त्यासाठी आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगते. १९१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरीजवळ जेम्स जॉर्डन या शिकाऱ्याने एक प्रचंड नर मारला आणि त्याचे डोके पेंढा भरायला एका कारागिराकडे दिले. तो कारागीर गाव सोडून गेला आणि डोके जॉर्डनच्या हातून गेले ते गेलेच. पुढे कितीतरी वर्षांनी मिनेसोटातल्या सँडस्टोन इथे जुन्या सामानाच्या विक्रीत ती शिंगे अवघ्या ३ डॉलरला विकली गेली. मोजमाप झाल्यावर ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या ‘टिपिकल’, म्हणजे नेहमीच्या सारख्या ठेवणीच्या शिंगांत त्या काळातली जगातली सर्वांत मोठी ठरली. अशा शिंगांच्या नोंदी ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीने त्यांचे गुण २०६ १/८ भरतात, आणि क्लबच्या कायमच्या नोंदवहीत यायला या प्रकारात १७० गुण पुरतात. पण शिकारी कोण हे नोंदीत नव्हते. जॉर्डन म्हातारपणी सांगत राहिला की हे हरीण माझे आहे. क्लबने ते मान्य केले १९७८ च्या डिसेंबरात, त्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी. शिंगे टिकली, त्यांच्यावरचे नाव मात्र हरवले होते, कारण कोणी ते लिहून ठेवले नव्हते.

आपल्या सोबत्याने गोळा केलेली त्या नराची गळलेली शिंगे गोठ्यातल्या तुळईवर ओळीने ठेवलेली आहेत आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलने साल लिहिलेले आहे, असे आपण कळवता. पेन्सिल पुसट होते. त्याच्या पत्नीची परवानगी घेऊन प्रत्येक शिंगाला पक्क्या शाईची चिठ्ठी बांधावी आणि त्यावर साल, सापडल्याची जागा आणि त्याचे नाव लिहावे. कॅमेऱ्यांतली छायाचित्रे तारखेनुसार लावून त्यांच्या प्रती त्याच्या मुलांना द्याव्यात. जे प्रसंग केवळ आपल्याला ठाऊक आहेत, तो संध्याकाळचा प्रसंग धरून, ते इंग्रजीत लिहून त्या घरी द्यावेत, कारण त्याच्या नातवंडांना ते दुसरीकडून कधीच कळणार नाहीत. आपल्या मुलीसाठी तेच मराठीतही लिहावे. शिंगे तिथेच, त्याच्या घरी राहू द्यावीत. ती भारतातल्या घरी नेण्याचा विचार पत्रात डोकावतो, तो सोडून द्यावा, कारण भारतात वन्यजीव कायदा आणि आयातीचे नियम या दोन्हींशी गाठ पडेल.

त्याच्या पत्नीला भेटाल तेव्हा जमिनीविषयी स्वच्छपणे विचारावे. त्या रानात जाण्याची मुभा आपल्याला त्याने दिली होती. आता मालकी तिची किंवा मुलांची आहे, आणि विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. “नेहमीप्रमाणे येईनच” असे गृहीत धरणे तिला नकार देणे अवघड करते. तिला मांस देण्याची पद्धत पुढे चालवायची असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये प्रथम आढळला आणि तेव्हापासून पसरत गेला आहे. माणसाला तो झाल्याचे आढळलेले नाही, तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते नमुना विनामूल्य तपासून देते. निकाल येईपर्यंत पाकिटांवर खूण करून ती फ्रीझरमध्ये वेगळी ठेवावीत.

रायफल घ्यावी, असे मला वाटते. ती नाकारली तर तिला आपल्या नवऱ्याची वस्तू परत आल्यासारखे वाटेल. आपण ग्रीन कार्डधारक असल्याने केंद्रीय कायद्याची मोठी अडचण नाही. मात्र हे वाचणाऱ्या, एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे की अशा व्यक्तींना बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असणाऱ्यांसाठी त्याला अपवाद आहे, पण प्रेमाने दिलेली भेटही स्थलांतराच्या कागदपत्रांत अडचण करू शकते, म्हणून आधी वकिलाला विचारावे. घरी मुलगी आहे, तेव्हा रायफल कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत.

त्या मुलीने “आजोबांच्या रानात मला यायचे आहे” असा हट्ट धरल्याचे पत्राच्या शेवटी आहे. नुसते शेजारी बसायचे असेल तर तिला अवश्य न्यावे. कमरेवरचा किमान निम्मा पोशाख भडक नारिंगी किंवा गुलाबी असावा, हा शिकाऱ्यांचा नियम तिच्यासाठीही पाळावा. तिला पुढे बंदूक हाती घ्यायची असेल, तर १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते नसताना शिकायचे तर अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असावा लागतो. आजीला न दुखवता हे कसे करायचे, ते तिच्याच समोर आजीशी बोलून ठरवावे, लपवून नव्हे. प्रशिक्षण वर्गाची नोंदणी उन्हाळ्यातच करून ठेवावी, कारण हंगाम जवळ आला की जागा भरून जातात.