सीक्यू देण्याआधी थोडं थांबा

प्रश्न : सर, माझं हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स नुकतंच आलंय. ४० मीटर बँडवर रात्री सीक्यू दिला, म्हणजे 'कोणी बोलायला आहे का' अशी सगळ्यांना हाक दिली, तर कोणीतरी खेकसलं, 'फ्रिक्वेन्सी बिझी आहे, ऐकू येत नाही का?' आता मला खरंच काही ऐकू येत नव्हतं! आणि लांबच्या देशाचं एखादं स्टेशन लागलं की सगळे एकदम तुटून पडतात, तिथे आपला नंबर कधी लागणार? — एक नवा हॅम, सांगली

उत्तर : खेकसायची गरज नव्हती, पण त्या माणसाचं म्हणणं चूक नसणार. रात्री ४० मीटरचा सिग्नल जवळच्या स्टेशनांच्या डोक्यावरून उडून लांब जाऊन पडतो, म्हणजे पुण्याचा एकजण दिल्लीवाल्याशी गप्पा मारतोय आणि तुम्हाला पुणेवाला अजिबात येत नाहीये, दिल्लीवाला तर त्याचं ऐकत गप्प बसलाय, मग तुम्हाला काय वाटणार, मैदान मोकळं. म्हणून आधी मिनिटभर नुसतं ऐकायचं, मग 'इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?' असं विचारून पाच-सहा सेकंद थांबायचं, परत एकदा विचारायचं, तरी कोणी बोललं नाही तरच सीक्यू. मोर्समध्ये हेच काम 'क्यूआरएल' हा संकेत करतो.

सीक्यू पण आटोपशीर द्या. तीनदा सीक्यू, दोनदा फोनेटिक्समध्ये (एसला 'सिएरा', एमला 'माइक' अशा शब्दांत) कॉलसाइन, म्हणजे आपल्या स्टेशनची ओळख, की पीटीटी (बोलायचं बटण) सोडली. काहीजण दीड-दोन मिनिटं सीक्यूच म्हणत बसतात, उत्तर देणारा तोपर्यंत डायल फिरवून पुढे गेलेला असतो. आणि अँटेनाचा ट्यूनर जुळवायला दुसऱ्यांच्या क्यूएसओवर (चालू संभाषणावर) शिट्टी सोडू नका हो, डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल हवेत न सोडणारा) कशासाठी असतो!

आता ती झुंबड, म्हणजे पाइलअप. समोरचा कोण आहे ते सगळ्यांना माहीत असतं, त्याचा कॉलसाइन परत ऐकवून उपयोग नाही. तुमचा पूर्ण कॉलसाइन एकदाच, स्पष्ट, आणि गप्प. शेवटची दोनच अक्षरं सांगायची सवय लावून घेऊ नका, त्याला उरलेली विचारायला अजून एक फेरी घालावी लागते. त्याने 'स्टेशन एंडिंग सिएरा माइक' म्हटलं आणि तुमच्या कॉलसाइनमध्ये ती अक्षरं नसतील तर तोंड बंद, कितीही मोह झाला तरी. 'लिसनिंग फाइव्ह अप' म्हणाला तर तो त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या ५ किलोहर्ट्झ वर ऐकतोय, तेव्हा रिग स्प्लिटवर टाका, म्हणजे ऐकायचं त्याच्या फ्रिक्वेन्सीवर आणि बोलायचं वर. तिथे कोणी चुकून खालीच हाक मारली की दहाजण 'अप, अप!' ओरडतात, आणि खरा गोंधळ हेच दहाजण करतात असं माझं मत आहे.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद अंदमानातून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर होत्या तेव्हा जगभरातले हॅम अशीच झुंबड करून होते, कारण अंदमान कित्येक वर्षांनी एअरवर आलं होतं. मग २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच स्टेशन निरोप पोचवायच्या कामाला लागलं. अशा वेळी कॉन्टॅक्ट मागायचा नसतो. इमर्जन्सी ट्रॅफिक चालू असेल तर फक्त ऐकायचं, कंट्रोल स्टेशनने विचारलं तरच बोलायचं.

प्रश्न : रिपीटरवर (आपला सिग्नल पकडून पुन्हा लांबवर सोडणाऱ्या स्टेशनवर) पण सीक्यू द्यायचा का? आणि चालू गप्पांत शिरायचं कसं?

उत्तर : रिपीटरवर सीक्यूची पद्धत नाही, कॉलसाइन सांगून 'मॉनिटरिंग' म्हटलं की पुरे. गप्पांत शिरायचं तर दोन ओव्हरच्या (बोलायच्या पाळ्यांच्या) मधल्या गॅपमध्ये नुसता कॉलसाइन टाका, ते बोलावतील. 'ब्रेक ब्रेक' तातडीच्या कामाला राखून ठेवा. आणि हो, बोलणाऱ्यांनी पण ती गॅप सोडली पाहिजे, समोरच्याने पीटीटी सोडल्या सोडल्या दाबायचं नाही, एक-दोन सेकंद जाऊ द्या, घाटात गाडी बंद पडलेला कोणी गाडीतल्या रेडिओ सेटवरून मधे येऊ बघत असेल तर त्याला दुसरी जागाच नसते.