शेजारी शिवीगाळ करतो, तो गुन्हा कधी होतो?

नुसता अपशब्द वापरला म्हणून गुन्हा होत नाही. शब्दांमागचा हेतू काय आणि ते कुठे, कुणापुढे उच्चारले, यावर सगळं ठरतं.

भारतीय न्याय संहितेचं कलम 352 (जुन्या भारतीय दंड संहितेचं 504) लागायचं तर समोरच्याने शांतताभंग करावा म्हणून त्याला मुद्दाम डिवचलेलं असावं लागतं. शिक्षा 2 वर्षांपर्यंत. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून चौकीत एफआयआरऐवजी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून देतात. ती घ्याच, प्रतही मागा. पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे पुढची पायरी म्हणजे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

‘तुला बघून घेतो’ एवढ्यावर धमकीचं कलम 351 टिकणं अवघड. ‘जीव घेईन’ म्हटलं आणि घाबरवण्याचा हेतू दिसला, तर शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्यासाठी बोललेले शब्द मात्र कलम 79 खाली दखलपात्र आहेत. तिथे एनसीवर समाधान मानू नका.

जातिवाचक शिवीगाळीला ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण ती लोकांच्या नजरेच्या टप्प्यात झालेली असावी लागते. घराच्या चार भिंतींत, साक्षीदाराविना घडलेल्या प्रसंगाला सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हा कायदा लावू दिला नाही.

तक्रारी बहुतेकदा एका चुकीमुळे पडतात: ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलेलं असतं. नेमके शब्द जसेच्या तसे लिहा, लाज वाटली तरी. तारीख, वेळ, जागा, ऐकणाऱ्यांची नावं द्या. रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल मोबाइलमधून डिलीट करू नका.