पुण्याच्या बागा सायकलवरून: पहिली फेरी

एका सकाळी पाच बागा उरकायचा बेत आधी रद्द करा. नवखे हमखास हेच करतात आणि एकही बाग धड पाहून होत नाही.

सुरुवात सारसबागेपासून करा. नानासाहेब पेशव्यांनी इथे तळं करवलं होतं. त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात गणपतीची स्थापना झाली, म्हणून हा ‘तळ्यातला गणपती’. देवळापाशी उभं राहून चौफेर बघा: ही हिरवळ म्हणजे त्या जुन्या तळ्याचीच जागा. एवढं समजलं की बाग वेगळीच दिसू लागते! शेजारीच पेशवे उद्यान, समोर पर्वती. पहिल्या दिवसाला तेवढं भरपूर.

लक्षात ठेवा:
- बऱ्याच महापालिका उद्यानांची दारं दुपारी बंद असतात. सकाळी लवकर निघा.
- सायकल आत नेता येत नाही. चांगलं कुलूप घ्या आणि आत पायीच फिरा.
- पाण्याची बाटली हवीच.

दुसऱ्या फेरीत सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान घ्या, जपानी धाटणीचं. एम्प्रेस गार्डनला मात्र अख्खी सकाळ द्या. तिथले जुने वृक्ष घाईत बघण्यासारखे नाहीत. गिअर, हेल्मेट, नकाशे यांचं नंतर बोलू. या रविवारी निघाच.