व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलास, आता पुढे?

अभिनंदन रे! दारू सोडलीस, आता सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जात राहा; दारू सोडू पाहणारेच तिथे एकमेकांना आधार देतात. फी नाही, आडनावही कुणी विचारत नाही. 1935 पासून हेच चाललंय, एका बेवड्याने दुसऱ्याशी बोलायचं. बोलवत नसेल तर मागच्या खुर्चीत नुसता बस. पुढे चहाचे कप विसळायचं काम मागून घे. आपलाही कुणाला उपयोग होतो हे तिथेच कळतं.
- संध्याकाळी उपाशी राहू नकोस. रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते.
- गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद करायच्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे: घरच्यांनी लगेच विश्वास ठेवावा म्हणून रुसतात, आणि 'मी फक्त कोल्ड्रिंक घेईन' म्हणत जुन्या टोळक्यात बसतात. घसरलास तर लपवू नकोस, त्याच रात्री स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या तुला सांभाळणाऱ्या जुन्या सभासदाला, फोन लाव. बारा पायऱ्यांचं, म्हणजे तिथल्या दारूपासून दूर राहायच्या कार्यक्रमाचं, नंतर बघू.