वॉकीटॉकी: पहिला शब्द कुठे जातो?

प्रश्न: वॉकीटॉकीवर माझ्या वाक्याचा पहिला शब्द पलीकडे पोचत नाही. ओरडून बोललं तर आवाज फाटतो. सेट बिघडलाय का?

उत्तर: बहुधा नाही. बोलण्याचं बटण दाबल्यावर सेटला प्रक्षेपण सुरू करायला आणि पलीकडच्या सेटला स्पीकर उघडायला क्षणभर लागतो. चॅनलला टोन (आपल्याच गटाचा सेट ओळखण्यासाठी आवाजासोबत जाणारा ठरावीक सूर) लावला असेल तर तो ओळखण्यातही वेळ जातो. मध्ये रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) असला की आणखी. म्हणून बटण दाबा, साधारण 1 सेकंद थांबा, मग बोला. शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावरच बटण सोडा (घाईत तोही कापला जातो).

माइक तोंडापासून 4-5 सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडल्याने पल्ला तसूभरही वाढत नाही. ठरावीक मर्यादेवरचा आवाज सेटच छाटतो, तेच ते फाटणं. पल्ला हवा असेल तर अँटेना उभी ठेवा आणि उंचावर जा.

ऐकू नीट येतं, पण बटण दाबताच सेट बंद पडतो, असं झालं तर आधी बॅटरी बदलून पाहा. प्रक्षेपणाला ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते.